स्तरित धनुष्य

स्तरित धनुष्य : लाकूड, बांबू किंवा तत्सम द्रव्यांच्या दोन अथवा अधिक पातळ पट्ट्या एकमेकींवर ठेवून व आसंजकाने (चिकटविणाऱ्या पदार्थाने) कायमच्या जोडून तयार केलेले धनुष्य. एकाच काठीपासून तासून केलेल्या धनुष्यास एकसंध धनुष्य म्हणतात, तर लाकूड, शिंग व स्नायुतंतू या भिन्न द्रव्यांच्या थरांनी केलेल्या धनुष्यास संयुक्त धनुष्य अशी संज्ञा आहे. स्तरित धनुष्य हे रचनेच्या दृष्टीने या दोहोंच्या मधले होय. धनुष्याच्या इतिहासाकडे सामान्यतः युद्धाच्या किंवा मृगयेच्या अंगाने पाहिले जाते. तथापि द्रव्ये जोडण्याच्या विद्येच्या अंगाने पाहिल्यास असे दिसते की, धनुष्य कोणी, कोठे व कोणत्या हवामानात तयार करावे, हे मुख्यतः चिकटविण्याच्या साधनाने ठरविले. ज्या प्रदेशात सरस पावसाळ्यात टिकत नाही, तेथे उत्तम धनुष्य हे कारखान्यांचे व राजवाड्यांचे धन ठरले आणि बांबूचे धनुष्य रानावनातील घरोघरी राहिले. विसाव्या शतकात जलरोधक आसंजके आल्यावर ही सीमा पुसली गेली.

तत्त्व : धनुष्य वाकविले असता त्याच्या तिरंदाजापासून दूर असलेल्या बाजूवर (पाठीवर) ताण पडतो आणि तिरंदाजाकडील बाजू (पोट) दाबली जाते. दोहोंच्या मध्ये ताणही नाही व दाबही नाही असे एक उदासीन प्रतल असते. तेथे मात्र वरचा व खालचा भाग एकमेकांवरून सरकू पाहतात. म्हणजे पाठीला न तुटणारे, पोटाला न चिरडणारे आणि गाभ्याला हलके असे द्रव्य हवे. हे तीनही गुण एकाच लाकडात क्वचितच आढळतात. यूरोपातील यू वृक्षाच्या लाकडात बाहेरचे रसकाष्ठ ताण उत्तम सोसते व आतील अंतःकाष्ठ दाब सोसते. बांबूमध्ये तंतूंची दाटी बाहेरच्या सालीकडे सर्वांत अधिक व आत कमी असते. ही दोन्ही द्रव्ये निसर्गानेच थर लावून दिल्यासारखी आहेत. म्हणूनच यूरोपात यू व आशियात बांबू यांना धनुष्यासाठी अग्रमान मिळाला.

पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या समप्रमाणात, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी एक दशांशाने कमी केली, तर ताठपणा सु. २७ टक्क्यांनी घटतो. सारख्या जाडीच्या तीन पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवून वाकविल्या, तर त्या परस्परांवरून सरकतात. त्याच पट्ट्या पक्क्या चिकटविल्या, तर त्यांचा ताठपणा नऊपट होतो. वाहनाच्या कमानपाट्यात पोलादाचे पाटे मुद्दाम सुटे ठेवलेले असतात, कारण तेथे मऊपणा हवा असतो. धनुष्यात याच्या उलट अपेक्षा असते. त्यामुळे स्तरित धनुष्याचे सारे बळ त्याच्या सांध्यात असते व सांधा सुटला की धनुष्य मोडते.

प्राचीन भारत : भीमबेटका (मध्य प्रदेश) येथील शैलाश्रयांतील चित्रांत धनुर्धारी मनुष्याकृती आढळतात. कौटिलीय अर्थशास्त्रातील आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड व शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली असून त्यांना अनुसरून कार्मुक, कोदंड, द्रूण व धनुष् ही नावे दिली आहेत. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू व स्नायू इ. द्रव्यांचा निर्देश तेथेच येतो. अग्निपुराणात लोह, शृंग व काष्ठ अशी तीन द्रव्ये दिलेली असून चार हात लांबीचे धनुष्य श्रेष्ठ मानले आहे. या याद्यांवरून शिंगाच्या, अर्थात जोडीव, धनुष्याचा परिचय भारतीयांना प्राचीन काळीच होता असे दिसते.

ॲलेक्झांडरचा सेनानी निआर्कस याच्या वृत्तांताच्या आधारे एरिअन या ग्रीक इतिहासकाराने भारतीय पायदळाचे वर्णन केले आहे. त्यानुसार येथील धनुष्य माणसाच्या उंचीइतके असून ते जमिनीवर टेकवून व डाव्या पायाने रेटून ओढले जाई. इ. स. पू. ३२६ मधील झेलमच्या लढाईत पावसाने निसरड्या झालेल्या भूमीवर अशी धनुष्ये नीट रोवता आली नाहीत, असा उल्लेख कर्टिअस या रोमन इतिहासकाराने केला आहे.

धनुष्यासाठी भारतीयांनी विशेष जाणीवपूर्वक निवडलेला एक वृक्ष म्हणजे धामण (ग्रेविया टिलीफोलिया) होय. त्याची धन्वन व धनुर्वृक्ष ही संस्कृत नावे त्याच्या उपयोगाची साक्ष देतात. सह्याद्रीत व महाराष्ट्रातील पानझडी वनांत तो आढळतो. त्याचे लाकूड चिवट व लवचिक असल्याने गाड्यांचे दांडे, हत्यारांचे दांडे व वल्ही यांसाठीही ते वापरण्यात येते.

दख्खन व गोदाखोरे : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील गंगापूर तालुका गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेला आहे. या भूभागाच्या आसपास धनुष्याच्या इतिहासाचे अनेक टप्पे एकवटले आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेकडील अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांतील षड्‌दंत जातकाच्या चित्रांत हत्तीची शिकार करणारा व्याध दिसतो, तर श्याम जातकात वाराणसीच्या राजाचा बाण लागून पडलेला श्याम दाखविला आहे. गंगापूरलगतच्या खुलताबाद तालुक्यातील वेरूळ येथे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७३) याच्या काळात कैलास लेणे खोदले गेले. त्याच्या भिंतींवरील रामायण व महाभारत यांच्या शिल्पपटांत धनुर्धारी योद्ध्यांची गर्दी आहे. तेथील दशावतार लेण्यात (क्र. १५) रथारूढ त्रिपुरांतक शिवाची धनुर्धारी मूर्ती आहे. शिल्पावरून धनुष्याचा आकार व पवित्रा कळतो. ते किती थरांचे होते हे मात्र दगड सांगू शकत नाही. त्यासाठी ग्रंथांतील द्रव्यांच्या याद्यांकडेच वळावे लागते.

याच भूमीवर दोन धनुर्परंपरांची गाठ पडली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्‌जीने देवगिरीवर स्वारी केली व १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपुष्टात आली. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीस दौलताबाद नाव देऊन तेथे राजधानी हलविली. या सैन्यांबरोबर मध्य आशियाई संयुक्त धनुष्य व ते घोड्यावरून चालविण्याची रीत दख्खनमध्ये आली. आखूड असूनही जोरदार असे हे धनुष्य घोडेस्वाराला सोयीचे होते. माणसाच्या उंचीचे बांबूचे धनुष्य खोगिरावर बसून चालविणे अवघड असे.

कमान व कमानगर : या संयुक्त धनुष्यास फार्सीत ‘कमान’ व ते करणाऱ्या कारागिरास ‘कमानगर’ म्हणत. त्याच्या गाभ्यास लाकूड, पोटास म्हशीच्या शिंगाची पट्टी आणि पाठीस जनावरांच्या स्नायूंचे पिंजलेले तंतू सरसात भिजवून थापत. वरून चामड्याचे किंवा सालीचे वेष्टन व त्यावर रंगरोगण करीत. शिंग दाब उत्तम सोसते व स्नायुतंतू ताण उत्तम सोसतात. लाकूड या दोहोंना वेगळे धरून ठेवते. सरस चामडे, हाडे किंवा माशांचे फुगे शिजवून काढलेला असे. प्रत्येक थर सावकाश वाळवावा लागे व एक कमान पुरी होण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागे. आईन-इ-अकबरीतील शस्त्रांच्या यादीत कमानीचा समावेश आहे.

या धनुष्याचा वैरी पाऊस होता. सरस पाण्याने व दमट हवेने मऊ पडतो, थर सुटतात आणि मूळचा बाक जातो. मध्य आशियातील कोरड्या पठारांवर ही अडचण थोडी असे. भारतात चार महिने पावसाळा असल्याने कमानींना ऊब देऊन व वेष्टनात ठेवून सांभाळावे लागे. सतराव्या-अठराव्या शतकांत भारतीय शस्त्रागारांत कमानीच्याच घाटाची पोलादी धनुष्ये आढळतात, याचे हे एक कारण होय. पोलादी धनुष्याचा बाण तितका वेगवान नसे, परंतु ते वर्षानुवर्षे भिंतीवर टांगून ठेवले तरी थर सुटण्याची भीती नसे. ते एका अर्थी सरसाच्या दुबळेपणावर काढलेले उत्तर होते.

मराठी भाषेने या इतिहासाच्या खुणा जपल्या आहेत. ‘तीर’, ‘तिरंदाज’ व ‘कमान’ हे शब्द फार्सीतून आले. त्यांपैकी ‘कमान’ पुढे इमारतीच्या दरवाज्यापासून घड्याळाच्या स्प्रिंगपर्यंत सर्वत्र रूढ झाला. ‘कामठा’ किंवा ‘कमठा’ हा धनुष्याचा शब्द बांबूच्या कामटीशी नाते सांगतो. ‘तिरकमठा’ या जोडशब्दात फार्सी तीर व देशी कामठा एकत्र नांदतात. मराठ्यांच्या लष्करी कागदपत्रांतील ‘बाण’ हा शब्द मात्र पुष्कळदा दारूच्या अग्निबाणास उद्देशून येतो, हे वाचताना लक्षात ठेवणे आवश्यक असते.

बंदूक हलकी, स्वस्त व खात्रीची होत गेली तसतसे कमानीचे महत्त्व उतरले. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजाही बदलल्या व कमानगरांचा आश्रय तुटला. कच्छमधील कमानगर, जे कमांगर या नावाने ओळखले जातात, भित्तिचित्रणाकडे वळले. कमानींवर रंगरोगण करण्याचे त्यांचे मूळ कौशल्य तेथे कामी आले. शिंग व स्नायू जोडण्याची वर्षभराची विद्या मात्र गिऱ्हाइकाअभावी लयास गेली.

आदिवासींचे धनुष्य : कमानीचा अस्त झाला तरी बांबूचे धनुष्य टिकून राहिले. खानदेश व सातमाळा डोंगरातील भिल्ल, मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया इ. आदिवासींनी ते विसाव्या शतकापर्यंत शिकारीसाठी व संरक्षणासाठी वापरले. १८१८ नंतर खानदेशात भिल्लांनी इंग्रजी सत्तेशी दिलेल्या झुंजीत त्यांचे प्रमुख शस्त्र धनुष्यच होते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली. भिल्लांच्या धनुष्याची प्रत्यंचाही बहुधा बांबूच्या चिवट पट्टीची असते. म्हणजे या धनुष्यात ना सरस, ना शिंग, ना बाजारातून आणावी लागणारी कोणतीही वस्तू. पावसात भिजले तरी ते निकामी होत नाही व मोडले तर एका दिवसात दुसरे करता येते. कमानीच्या तुलनेने त्याची शक्ती कमी असली, तरी त्याची निर्मिती कोणाच्या आश्रयावर अवलंबून नव्हती. ते टिकण्याचे रहस्य यातच आहे. वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आल्यावर त्याचा परंपरागत उपयोग संपला व ते मुख्यतः क्रीडा, नृत्य व विधी यांपुरते उरले.

लाकडी थरांची परंपरा : केवळ लाकूड व बांबू यांचे थर जोडण्याची परंपरा भारताबाहेर दोन प्रदेशांत विशेष विकसित झाली. उत्तर यूरोप व सायबीरियातील फिन, सामी व खांती लोक पोटास राळयुक्त पाइन व पाठीस भूर्जाचे लाकूड माशांच्या सरसाने जोडीत व ओल लागू नये म्हणून त्यावर भूर्जाची साल गुंडाळीत. जपानमध्ये सु. बाराव्या शतकापासून लाकडाच्या पाठीवर बांबूची पट्टी जोडण्यास प्रारंभ झाला. पुढे दोन्ही बाजूंस बांबू व मध्ये लाकूड आणि बांबू यांच्या उभ्या पट्ट्यांचा गाभा अशी ‘युमी’ची रचना स्थिरावली. युमी दोन मीटरांहून लांब असून तिची मूठ मध्याच्या खाली असते.

आधुनिक स्तरित धनुष्याचा पाया अमेरिकेत घातला गेला. १९३० नंतर क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉप्स्टेग व फॉरेस्ट नॅग्लर या तंत्रज्ञांनी धनुष्याच्या गतिकीचा प्रयोगांनी अभ्यास केला. जाड व गोलसर छेदाच्या इंग्रजी धनुष्यापेक्षा रुंद, पातळ व आयताकृती छेदाची भुजा अधिक कार्यक्षम असते, असे त्यांनी दाखविले. अशी भुजा पट्ट्या जोडून करणे सोपे असते. याच सुमारास यूरिया-फॉर्माल्डिहाइड व त्यानंतर एपॉक्सी ही कृत्रिम आसंजके उपलब्ध झाली. एपॉक्सी कडक झाल्यावर पाण्याने विरघळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीस व पोटास काचतंतूंचे थर देण्याची रीत रूढ झाली. हॉलिस विल्बर ॲलन याला १९६९ मध्ये चक्रयुक्त (कंपाउंड) धनुष्याचे एकस्व मिळाले. आजच्या स्पर्धात्मक धनुष्यांच्या भुजांत कार्बन तंतू, लाकूड वा फेस-प्लॅस्टिक यांचे थर असतात. द्रव्ये नवी असली तरी ताण, दाब व गाभा ही कमानगराची त्रिविध योजना त्यांत तशीच आहे.

घरगुती निर्मिती : नव्या आसंजकांमुळे ज्या कामास पूर्वी कारखाना व वर्षभराचा अवधी लागे, ते सुताराच्या सामान्य हत्यारांनी घरच्या पडवीत काही आठवड्यांत करणे शक्य झाले. मराठवाड्याच्या हवामानात दोन गोष्टींची निवड महत्त्वाची ठरते : लाकडाची व ऋतूची. पाठीसाठी मानवेल हा भरीव बांबू किंवा जाड सालीचा कळक योग्य होय. गाभा व पोट यांस धामणीचे सरळ रेषांचे लाकूड घ्यावे. गोदाखोऱ्यात सर्वत्र मिळणारी बाभूळ कणखर परंतु जड असल्याने ती किंवा शिसव मुठीच्या ठोकळ्यास वापरतात. भुजेत गाठीचे किंवा तिरप्या रेषांचे लाकूड चालत नाही. लाकडातील ओलावा ८ ते १० टक्क्यांपर्यंत उतरलेला असावा. पावसाळ्यात हे साधणे कठीण असल्याने दिवाळीनंतरचे कोरडे महिने चिकटकामास उत्तम ठरतात.

प्रौढ व्यक्तीसाठी सु. १७० सेंमी. लांबीचे धनुष्य पुरेसे असते. पट्ट्या २ ते ४ मिमी. जाड ठेवून टोकांकडे त्या क्रमाने पातळ करतात. भुजेची रुंदी मुठीजवळ सु. ४ सेंमी. व टोकाशी सु. १.२ सेंमी. असते. बांबूची साल बाहेर येईल अशी पट्टी ठेवून तिची आतली बाजू रंध्याने सपाट करतात. पेरे हलकेच घासतात, परंतु त्यांखालील तंतू कापले जाऊ देत नाहीत, कारण ताणाखाली पाठ तेथूनच उकलते. चिकटविण्याच्या बाजू जाड पॉलिशकागदाने खरखरीत करून धूळ पुसतात. जाड फळीतून कापलेल्या साच्यावर पट्ट्या ठेवून त्यांच्या मध्ये आसंजक लावतात आणि शिकंज्यांनी किंवा सायकलीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून दाब देतात. एपॉक्सीला बेताचा दाब पुरतो. अतिदाबाने ते बाहेर निघून सांधा कोरडा राहतो. सुतारकामातील नेहमीचा पांढरा डिंक सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून तो या कामास पसंत करीत नाहीत.

सांधा पक्का झाल्यावर धनुष्य घडविण्याचे मुख्य काम सुरू होते. भिंतीवरील आधारावर धनुष्य आडवे टेकवून व सैल दोरी लावून ते थोडे थोडे ओढतात आणि दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही हे दुरून पाहतात. जेथे भुजा ताठ राहते, तेथे पोटाच्या बाजूने किंवा कडेने घासतात. जेथे अधिक वाकते, त्या जागेस हात लावीत नाहीत. जाडीतील अल्प फरकाने ताठपणा पुष्कळ बदलत असल्याने कानशीचे चार हातही येथे मोलाचे असतात. इष्ट ओढीपेक्षा अधिक ताण चाचणीत कधीही देत नाहीत. नवशिक्यास १० ते १४ किग्रॅ. ओढीचे धनुष्य पुरे होते. शेवटी वॉर्निशाचे दोन-तीन हात देतात. बाण न लावता प्रत्यंचा सोडणे सर्वस्वी वर्ज्य आहे, कारण बाणाने न्यावयाची ऊर्जा तेव्हा भुजांत व सांध्यांतच उलटते.

सद्यःस्थिती : भारतीय धनुर्विद्या महासंघाची स्थापना १९७३ मध्ये झाली. त्याच्या आदल्या वर्षी म्यूनिक येथे धनुर्विद्येचा ऑलिंपिकमध्ये पुन्हा समावेश झाला होता. भारतीय धनुर्धरांनी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रथम भाग घेतला. त्यांतील राजस्थानचा आदिवासी खेळाडू लिंबाराम याने १९९२ मध्ये बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत जागतिक उच्चांकाची बरोबरी केली. त्याचे बालपणचे धनुष्य बांबूचे होते. महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये खेळला. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली.

देशांतर्गत स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार असून तो बांबूच्या वा लाकडाच्या देशी धनुष्याने ३० व ५० मी. अंतरांवर खेळला जातो. ग्रामीण व आदिवासी मुलांचा या खेळातील प्रवेश बहुधा याच दारातून होतो. मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हा प्रकार नाही. तेथे लागणारी रिकर्व्ह व कंपाउंड धनुष्ये बहुतांशी आयात केलेली व अत्यंत महाग असतात. बांबूच्या धनुष्याकडून या धनुष्याकडे जाताना अनेक होतकरू खेळाडू मागे पडतात. कामठा व कमान यांच्यातील जुने अंतर नव्या रूपात येथे पुन्हा दिसते. एक साधन घरी होते, दुसरे आश्रयाविना मिळत नाही. स्थानिक बांबू, धामण व कृत्रिम आसंजक यांपासून केलेले स्तरित धनुष्य ऑलिंपिकच्या धनुष्याची जागा घेऊ शकत नसले, तरी सराव व शालेय शिक्षण यांसाठी ते या दोन टोकांमधील पायरी ठरू शकते. भारतीय वन अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतात लावलेला बांबू तोडणे व नेणे सुलभ झाले असून कच्च्या मालाची अडचण तेवढी कमी झाली आहे. उरते ते कौशल्य. कमानगरांची विद्या आश्रय तुटताच संपली, तर आदिवासींची विद्या घरोघरी असल्यामुळे टिकली. स्तरित धनुष्याची विद्याही कार्यशाळांतून व शाळांतून जितक्या हातांत पसरेल, तितकी ती चिरस्थायी होईल.